बालरुग्णांची शुश्रूषा आणि नैतिक क्लेश : एका संकल्पनेचा इतिहास

योग्य कृती कोणती हे कळते, परंतु संस्थेच्या बंधनांमुळे ती करता येत नाही, या अवस्थेस अमेरिकन तत्त्वचिंतक अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ मध्ये ‘नैतिक क्लेश’ असे नाव दिले. योग्य काय हेच न उमगणे, अथवा दोन कर्तव्यांत निवड करावी लागणे, याहून ही अवस्था त्यांनी निराळी मानली. नाव नवे असले तरी दुःख जुने होते.

बालकांसाठी पहिला अतिदक्षता विभाग १९५५ मध्ये स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे गोरान हाग्लुंड यांनी स्थापिला. असे विभाग पसरू लागले, तसा ‘उपचार कोठे थांबवावेत’ हा प्रश्नही उभा राहिला. येल-न्यू हेवन येथील नवजात कक्षातील २९९ मृत्यूंपैकी ४३ मृत्यू उपचार न देण्याशी किंवा थांबविण्याशी निगडित होते, असे डफ व कॅम्पबेल यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केले. अशा निर्णयांचा मुख्य भार आईबाप व डॉक्टर यांच्यावर असे. त्यांचा अंमल मात्र अहोरात्र खाटेजवळ उभ्या असलेल्या परिचारिकेच्या हातून होई.

१९८२ मध्ये इंडियाना राज्यातील ब्लूमिंग्टन येथे डाऊन सिंड्रोम व अन्ननलिकेतील जन्मजात दोष असलेल्या बालकावर आईबापांनी शस्त्रक्रिया नाकारली. न्यायालयाने त्यांचा अधिकार मान्य केला. कक्षातील परिचारिकांनी विरोध केल्यावर बालकास निराळ्या खोलीत हलविण्यात आले. सहाव्या दिवशी ते दगावले. १९८४ च्या कायद्याने असा उपचार रोखण्यावर निर्बंध आले. पुढे मात्र तक्रारीचे स्वरूप उलटले : निष्फळ उपचारांनी मरणोन्मुख बालकाच्या यातना लांबविल्या जातात, असे परिचारिका म्हणू लागल्या.

तक्रारीचा आशय पालटला, पण क्लेश टळला नाही, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. त्याचे मूळ परिचारिकेच्या मनोदौर्बल्यात नसून, निर्णय एकाचा आणि कृती दुसऱ्याची या व्यवस्थेत आहे.

अमेरिकेतील अतिदक्षता परिचारिकांच्या संघटनेने २००४ मध्ये विचारणा, निश्चिती, मूल्यमापन व कृती अशा चार पायऱ्या सुचविल्या. त्या उपयुक्त खऱ्या. परंतु त्यांचा आरंभ व्यक्तीपासून होतो. प्रत्येक प्रसंगानंतर क्लेशाचा काही अंश मनात उरतो आणि पुढील प्रसंगी तो अधिक उंचीवरून सुरू होतो, असे एपस्टाइन व हॅमरिक यांनी २००९ मध्ये प्रतिपादिले. हे खरे असेल, तर केवळ सांत्वन पुरेसे नाही. आईबापांशी होणाऱ्या विचारविनिमयात परिचारिकेस स्थान, आणि वरिष्ठांच्या अनुमतीविना नीतिविषयक सल्ला मागण्याची मुभा, हेच उपाय मुळाशी जाणारे ठरतात.