हेवी मेटलचीं हौशी पत्रें

इंग्लंडांतील बर्मिंगहॅम हें कारखान्यांचें शहर. तेथील पत्र्याच्या एका कारखान्यांत १९६५ सालीं टोनी आयोमी नांवाचा सतरा वर्षांचा मुलगा यंत्रावर काम करीत असतां त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांचीं टोंकें तुटून गेलीं. मुलगा डावखुरा, गिटारीच्या तारा दाबण्याचें काम त्याचा उजवाच हात करी. वादक होण्याची त्याची आशा त्या क्षणीं संपली, असेंच कोणासहि वाटलें असतें. परंतु त्यानें प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांस टोपणें केलीं, त्यांवर चामड्याचे तुकडे चिकटविले आणि दाबावयास सोप्या अशा हलक्या तारा जोडल्या. त्याच्या 'ब्लॅक सॅबथ' या वाद्यवृंदाची पहिली तबकडी १३ फेब्रुवारी १९७० रोजीं निघाली. पुढल्या वर्षींच्या तिसऱ्या तबकडींत तर त्यानें तारा नेहमींपेक्षां बऱ्याच खालीं उतरविल्या. त्या ढिल्या तारांतून जो जाड, गंभीर व कांहींसा भीतिदायक नाद निघाला, त्यालाच जग हेवी मेटल म्हणून ओळखूं लागलें. या नांवाचें 'जड धातु' असें भाषांतर करणें हास्यास्पद होईल. तथापि ज्या नादाचें मूळ पत्र्याच्या कारखान्यांतील अपघातांत आहे, त्याला धातूचें नांव शोभतें यांत संशय नाहीं.

या संगीताचें स्वागत मात्र चांगलें झालें नाहीं. लेस्टर बँग्ज या नामांकित समीक्षकानें 'रोलिंग स्टोन' पत्रांत ती पहिली तबकडी अगदीं टाकाऊ ठरविली, आणि शिष्ट पत्रांचा सूर पुढें कित्येक वर्षें तोच राहिला. तबकड्या खपत, सभागृहें भरत, पण छापील कागदावर या संगीताला जागा नसे. असलीच तर ती चेष्टेची असे. ज्या कलेला श्रोते आहेत पण टीकाकार नाहींत, तिच्या श्रोत्यांनाच अखेरीस टीकाकार व्हावें लागतें. तसेंच येथें झालें. लंडनच्या 'साउंड्स' या साप्ताहिकानें १९७९ सालीं ब्रिटनमधील नव्या वाद्यवृंदांच्या लाटेला नांव दिलें, आणि त्याच साप्ताहिकाच्या पोटांतून १९८१ च्या जूनमध्यें 'केरँग' हें पत्र बाहेर पडलें. हॉलंडांत 'आर्डशॉक' त्यापूर्वींच, १९८० सालीं, सुरू झालें होतें. हीं पत्रें पुढें धंद्याचीं झालीं. खरी मौज आहे ती त्यांच्या मागेंपुढें निघालेल्या हौशी पत्रांची.

अमेरिकेंत लॉस एंजेलिसजवळ राहणारा ब्रायन स्लॅगेल हा तरुण एका तबकड्यांच्या दुकानांत काम करी. १९८१ सालीं त्यानें मित्रांच्या साहाय्यानें एक हौशी पत्र काढलें. पत्र काढतां काढतां त्याच्या ध्यानांत आलें कीं, ज्या स्थानिक वाद्यवृंदांविषयीं लिहावयाचें त्यांपैकीं पुष्कळांची एकहि तबकडी उपलब्ध नाहीं. तेव्हां १९८२ सालीं त्यानें अशा वाद्यवृंदांचें एक एक गीत घेऊन 'मेटल मॅसेकर' ही संग्रहात्मक तबकडी काढली. 'मेटॅलिका' या पुढें जगप्रसिद्ध झालेल्या वाद्यवृंदाचें पहिलें ध्वनिमुद्रित गीत तिच्यांत आहे, आणि पहिल्या आवृत्तीवर त्याचें नांव चुकीच्या वर्णांनीं छापलेलें आहे. मुद्रितशोधनाचा हा दोष हौशी कामाची जणूं मोहरच होय. नॉर्वेंत यॉन क्रिस्टियनसेन यानें १९८५ सालीं 'स्लेयर' नांवाचें पत्र सुरू केलें व तें पुढें जवळजवळ पाव शतक आपल्या सवडीनें चालविलें.

या पत्रांची निर्मिति कशी होत असे, हें समजून घेण्यासारखें आहे. मजकूर टंकयंत्रावर काढावयाचा, चित्रें कात्रीनें कापून खळीनें चिकटवावयाचीं, कोणाच्या तरी कचेरींतील नक्कल काढण्याच्या यंत्रावर काम सुटल्यानंतर प्रती काढावयाच्या आणि पाकिटांत घालून टपालानें धाडावयाच्या. मोबदला पैशांत येईच असें नाहीं. पुष्कळदां उलट टपालीं एखादी फीत येई, तिच्यावर परदेशांतील कोण्या अप्रसिद्ध वाद्यवृंदाचें वादन असे, आणि तिच्याविषयीं पुढील अंकांत लेख येई. फितींची देवघेव हें या पत्रांचें भांडवल आणि टपालखातें हा त्यांचा आश्रयदाता.

मराठी वाचकाला यांत अपूर्व असें फारसें कांहीं वाटूं नये. १९५४ सालीं मुंबईंत अरुण कोलटकर, दिलीप चित्रे व रमेश समर्थ या तरुणांनीं 'शब्द' हें अनियतकालिक काढलें, तें चक्रमुद्रित होतें. अशोक शहाणे यांचें 'असो' १९६३ सालीं निघालें. पुढें राजा ढाले, सतीश काळसेकर आदींनीं असल्याच पत्रांची एक चळवळ उभी केली. प्रस्थापित मासिकें आपलें छापीत नाहींत, म्हणून आपणच छापावें, लिहिणारानें पैसे मागूं नयेत व संपादकानें ते देऊं नयेत, ही रीत येथेंहि तीच होती. संगीतापुरतें पाहिलें तर विष्णु दिगंबरांच्या शिष्यमंडळींनीं चालविलेलें आणि प्रा. बा. र. देवधर यांनीं दीर्घकाळ संपादिलेलें 'संगीत कला विहार' हेंहि व्यापारी साहस नव्हतें. गवयांच्या घरीं जाऊन त्यांच्या आठवणी टिपून ठेवण्याचें जें काम देवधरांनीं त्या पानांतून केलें, तें पुढें 'थोर संगीतकार' या ग्रंथाच्या रूपानें उरलें. किराणा घराण्याच्या अभिमान्याला हेवी मेटलशी आपलें नांव जोडलेलें आवडणार नाहीं हें खरें; पण दोहों ठिकाणीं कागद काळा करणाराची प्रेरणा एकच आहे.

मुंबईंत या संगीताचें घर म्हणजे धोबी तलावाजवळचें, झेवियर महाविद्यालयाला लागून असलेलें रंगभवन. १९८४ सालीं स्थापन झालेला 'रॉक मशीन' हा वाद्यवृंद, ज्यांत महेश तिनईकर हे गिटार वाजवीत, इंग्रजींत स्वतःचीं गीतें रचूं लागला. १९८८ सालीं त्याची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. १९८६ पासून स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास 'इंडिपेंडन्स रॉक' हा मेळावा भरूं लागला, आणि काळे सदरे घातलेल्या महाविद्यालयीन तरुणांनीं रंगभवनाच्या पायऱ्या भरून जाऊं लागल्या. पुढें शांतता क्षेत्रांचे नियम कडक झाले. रंगभवनाच्या आसपास रुग्णालयें आहेत, न्यायालय आहे, शाळा आहेत. तेव्हां तें उघडें सभागृह या संगीताला बंद झालें. रुग्णांच्या बाजूनें पाहतां या नियमाला दोष देतां येत नाहीं, आणि वादकांच्या बाजूनें पाहतां दुसरी तितकी स्वस्त जागा मुंबईंत मिळाली नाहीं, हेंहि तितकेंच खरें.

ऐकणारे होते, वाजविणारे होते. लिहिणारें पत्र मात्र मुंबईंतून निघालें नाहीं. तें निघालें अलाहाबादेंतून. स्वतः वादक असलेल्या अमित सहगल यांनीं १९९३ सालीं 'रॉक स्ट्रीट जर्नल' सुरू केलें. गुवाहाटीच्या वाद्यवृंदाला बंगळूरच्या वाद्यवृंदाचें नांव कळावें, कोठल्या महाविद्यालयांत कोणती स्पर्धा आहे हें समजावें, याचें तेंच काय तें साधन होतें. त्या पत्रानेंच पुढें 'ग्रेट इंडियन रॉक' हा महोत्सव भरविला आणि देशी वाद्यवृंदांचे संग्रह काढले. म्हणजे स्लॅगेलनें कॅलिफोर्नियांत जें केलें, तेंच येथें एका तपानंतर घडलें. पत्र काढणाराला शेवटीं तबकडीहि काढावी लागते, हा या इतिहासांतला वारंवार दिसणारा प्रकार आहे. सहगल १९१२ च्या नव्हे, २०१२ च्या जानेवारींत गोव्याच्या समुद्रांत मृत्यु पावले. इतक्या अलीकडच्या माणसाचें काम इतक्या लौकर जुन्या काळांतलें वाटूं लागावें, याचें कारण मध्यंतरीं झालेलें स्थित्यंतर.

त्या स्थित्यंतराचा महिना निश्चित सांगतां येतो. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें भारतांतील सामान्य नागरिकांस इंटरनेट खुलें केलें. त्याच ऑगस्टांत कॅनडांत जीनो फिलिचेट्टी या तरुणानें 'क्रॉनिकल्स ऑफ केऑस' हें हेवी मेटलला, त्यांतहि त्याच्या उग्रतम शाखांना, वाहिलेलें पत्र सुरू केलें. या पत्राला कागद नव्हता. आरंभीं त्याचा अंक म्हणजे निव्वळ अक्षरांचा एक लांबलचक मजकूर असे आणि तो विद्युत्-टपालानें वर्गणीदारांकडे जाई. वर्गणीदार म्हणावयाचें तें केवळ संवयीनें. वर्गणी कांहींच नव्हती. चित्र नाहीं, रंग नाहीं, वेलबुट्टी नाहीं. आज हें दारिद्र्य वाटेल, पण तेव्हां तेंच शहाणपण होतें. भारतांत चित्रें दाखविणारी जोडणी पहिल्या वर्षीं व्यक्तीला सुमारें १५,००० रुपयांस पडे व तींत २५० तास मिळत. विद्यार्थ्यांस मात्र सुमारें ५०० रुपयांत केवळ अक्षरें दाखविणारी जोडणी मिळूं लागली. मुंबईच्या विद्यार्थ्याच्या काळ्या पडद्यावर जें उमटूं शकत होतें, तें नेमकें असल्याच पत्राचें पान होतें.

छापखान्याचें बिल गेलें, टपालहंशील गेलें. राहिले तें मनुष्यबळ. लेखक कॅनडाचे, पुढें पोर्तुगालचे आणि इतर देशांचे. एकमेकांचें तोंड न पाहिलेले. पगार कोणालाच नव्हता. लेखकाला मिळे ती तबकडीची आगाऊ प्रत, जी कंपन्या प्रसिद्धीपूर्वीं परीक्षणासाठीं पाठवीत. या एका प्रतीभोंवतीं असल्या सर्व पत्रांची नीति फिरते. छापील मासिकाला ज्या कंपनीची जाहिरात हवी, तिच्या तबकडीला वाईट म्हणणें जड जातें. हौशी लेखकाला जाहिरातीची भीति नाहीं. परंतु फुकट आलेल्या वस्तूविषयीं चार शब्द बरे लिहावेत, नाहींतर पुढली प्रत यावयाची नाहीं, हा मोह त्यालाहि आहे. 'क्रॉनिकल्स'मध्यें दहांपैकीं गुण देण्याची पद्धति होती, आणि तेथें फार कमी गुण पडलेल्या तबकड्याहि दिसतात. संपादकाच्या हातीं या बाबतींत एकच अस्त्र असतें, व तें म्हणजे स्वतःचें उदाहरण. कारण ज्याला पगार देत नाहीं, त्याला दटावतांहि येत नाहीं.

दुसरी अडचण याहून खोल आहे. हौशी लेखक विसाव्या वर्षीं येतो, रात्र रात्र जागून लिहितो, आणि तिसाव्या वर्षीं नोकरी, संसार व मूल यांच्या मागें लागून नाहींसा होतो. तो भांडून जात नाहीं. उशीरां उत्तर देतो, मग एक अंक चुकवितो, मग दोन. असल्या पत्राचा संपादक निम्मा वेळ लिहिण्यांत आणि निम्मा वेळ नवे लेखक शोधण्यांत घालवितो. 'क्रॉनिकल्स'चा अगदीं आरंभींपासूनचा लेखक अॅड्रियन ब्रॉम्ली, ज्यानें घेतलेल्या मुलाखतींची गणति करणें कठीण आहे, तो २००८ च्या डिसेंबरांत तरुण वयांतच वारला. पगारी कचेरींत अशी जागा जाहिरात देऊन भरतां येते, येथें ती रिकामीच राहते.

या पत्रांनीं एक गोष्ट मात्र मोडून काढली, ती म्हणजे शहराची मिरास. रंगभवनाला जाण्यासाठीं मुंबईंत असावें लागे. 'रॉक स्ट्रीट जर्नल' मिळण्यासाठीं निदान त्याचा विक्रेता असलेल्या गांवीं असावें लागे. वऱ्हाडांतील वाशीमचें उदाहरण घ्यावें. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म तें हें गांव. १ जुलै १९९८ रोजीं अकोल्यापासून निराळा होऊन याचा स्वतंत्र जिल्हा झाला, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत सरकारनें इंटरनेट पुरविण्याचें क्षेत्र खाजगी मंडळ्यांस मोकळें केलें. पूर्णा-अकोला हा लोहमार्ग त्या वेळीं अजून मीटर मापाचा होता. तो रुंद होण्यास २००८ साल उजाडावें लागलें. आगगाडीच्या आधीं विद्युत्-टपाल मोठ्या मापाचें झालें, असें म्हणावयास हरकत नाहीं. ज्या गांवीं या संगीताची एक फीतहि विकावयास येत नसे, तेथील तरुणाला कॅनडांतील परीक्षण मुंबईकराच्याच वेळीं वाचावयास मिळूं लागलें; आणि मनांत आणल्यास लिहितांहि येऊं लागलें, कारण लेखकाचें गांव विचारणारा आतां कोणी उरला नव्हता.

यानंतरच्या दहा वर्षांत मुंबईंत या संगीताचा बहर आला. साहिल मखिजा यांचा 'डेमॉनिक रेझरेक्शन' २००० सालीं, 'भयानक मौत' २००३ सालीं, 'झिग्नेमा' २००६ सालीं उभा राहिला. 'भयानक मौत' हें नांव ऐकून घरांतील वडील मंडळींना काय वाटलें असेल याची कल्पना करवते. १ फेब्रुवारी २००८ रोजीं 'आयर्न मेडन' हा ब्रिटिश वाद्यवृंद मुंबईंत वाजवून गेला, आणि त्याच वर्षीं 'रोलिंग स्टोन'ची भारतीय आवृत्ति मुंबईहून निघूं लागली. ज्या पत्रानें एके काळीं पहिल्या तबकडीची अवहेलना केली होती, त्याच्याच नांवाखालीं आतां मुंबईच्या मेटल वाद्यवृंदांविषयीं लेख येऊं लागले. २०१० सालीं लंडनच्या 'मेटल हॅमर' पत्रानें 'डेमॉनिक रेझरेक्शन'ला पारितोषिक दिलें.

या भरभराटींत हौशी पत्रांचें स्थान डळमळीत झालें. पूर्वीं तबकडी मिळणें दुर्लभ, म्हणून परीक्षण मोलाचें. आतां तबकडी क्षणांत ऐकतां येते, मग दुसऱ्यानें लिहिलेलें कशाला वाचावयाचें, असा प्रश्न उपस्थित झाला. शिवाय कागदी पत्राची एखादी प्रत माळ्यावर तरी उरते. विद्युत्-पत्राचें भाडें थकलें कीं एका रात्रींत त्याचीं सर्व पानें नाहींशीं होतात. चक्रमुद्रित 'शब्द'चे अंक आज संग्राहकांच्या कपाटांत सांपडतात. १९९७ सालच्या कित्येक संगीतपत्रांचें नांवहि सांपडत नाहीं. या बाबतींत जें काम टिकलें तें लेखांपेक्षां सूचींचें. २००२ च्या जुलैंत कॅनडांतील दोघांनीं 'एन्सायक्लोपीडिया मेटॅलम' ही वाद्यवृंदांची सूचि सुरू केली. जगभरच्या बिनवेतनी लोकांनीं ती भरीत नेली, आणि २०१४ सालीं तींतील नोंदींनीं एक लक्षाचा आंकडा ओलांडला. वर सांगितलेले मुंबईचे वाद्यवृंद, त्यांतील वादकांचीं नांवें व तबकड्यांच्या तारखा यांसह, तींत आहेत.

'क्रॉनिकल्स ऑफ केऑस' २०१५ च्या ऑगस्टांत, बरोबर वीस वर्षें पुरीं होतांच, बंद करण्यांत आलें. कर्ज झालें नव्हतें कीं भांडण झालें नव्हतें. चालविणाऱ्यांनीं आधीं तारीख ठरविली, वाचकांचा निरोप घेतला, आणि त्यानंतर नवीन परीक्षण घातलें नाहीं.