एका शिलिंगाची लंडनवारी : १८५१ चे महाप्रदर्शन आणि कामगारांचा जमाखर्च

१/ १८५१ च्या उन्हाळ्यात इंग्लंडने एक अपूर्व दृश्य पाहिले. ज्यांची उभी हयात गाव, गिरणी आणि शेत यांतच गेली होती, असे विणकर, लोहार, खाणकामगार आणि शेतमजूर झुंडीझुंडीने लंडनला निघाले. तेथे प्रदर्शन पाहून, एक-दोन रात्री काढून ते पुन्हा आपापल्या कामावर रुजू झाले. ही किमया एकट्या रेल्वेची नव्हती. तिच्यामागे पेनी-पेनीचा हिशेब होता. त्या हिशेबाची ही हकीकत.

२/ निमित्त होते महाप्रदर्शनाचे. १ मे १८५१ रोजी लंडनच्या हाइड पार्कमध्ये राणी व्हिक्टोरियाने त्याचे उद्घाटन केले. राणीचे पती प्रिन्स अल्बर्ट हे त्याचे प्रमुख पुरस्कर्ते होते. लोखंड आणि काच यांचा तो प्रचंड ‘क्रिस्टल पॅलेस’ जोसेफ पॅक्स्टन यांनी आखला होता आणि ते मूळचे बागकाम करणारे गृहस्थ. आत जगभरातील यंत्रे, कापड, रत्ने मांडली होती. दोनच वर्षांपूर्वी पंजाबातून नेलेला कोहिनूरही तेथे पिंजऱ्यात ठेवलेला होता.

३/ मात्र हे दार सर्वांसाठी सारखे उघडे नव्हते. संपूर्ण हंगामाचे तिकीट पुरुषांना ३ गिनी आणि स्त्रियांना २ गिनी होते. उद्घाटनानंतरच्या दोन दिवसांचा दर दिवसाला १ पौंड, त्यानंतर ५ शिलिंग. तेव्हा १२ पेन्सचा एक शिलिंग, २० शिलिंगांचा एक पौंड आणि २१ शिलिंगांची एक गिनी असे. इंग्लंडमधील शेतमजुराला आठवड्याकाठी साधारण ९ ते १० शिलिंग मिळत. म्हणजे एका दिवसाच्या प्रवेशासाठी त्याची दोन आठवड्यांची मजुरी!

४/ या दरामागे व्यवहाराइतकेच भयही होते. १८४८ साली युरोपभर क्रांतीचा वणवा पेटला होता. त्याच वर्षी १० एप्रिलला मताधिकाराची मागणी करणारे चार्टिस्ट कामगार लंडनच्या केनिंग्टन मैदानावर जमले होते. त्याला जेमतेम तीन वर्षे लोटली होती. हजारो कामगार राजधानीत एकत्र आले तर काय होईल, ही धास्ती सुखवस्तू वर्गाच्या मनात घर करून होती. तरीही २६ मेपासून सोमवार ते गुरुवार प्रवेश १ शिलिंगावर आणला गेला. शुक्रवारी अडीच शिलिंग, शनिवारी ५ आणि रविवारी प्रदर्शन बंद.

५/ प्रवेशाचा प्रश्न सुटला, पण लंडन गाठायचे कसे? येथे थॉमस कुक यांचा प्रवेश होतो. हे मद्यपानविरोधी चळवळीचे कार्यकर्ते. ५ जुलै १८४१ रोजी त्यांनी सुमारे ५०० लोकांना लेस्टरहून लाफबरोच्या सभेला खास गाडीने नेले होते आणि त्याचे भाडे होते १ शिलिंग. आता मिडलंड रेल्वेचे अध्यक्ष जॉन एलिस आणि स्वतः पॅक्स्टन यांनी त्यांना गळ घातली, की मध्य आणि उत्तर इंग्लंडमधील कष्टकऱ्यांना प्रदर्शनाला आणावे.

६/ यॉर्कशरमधील लीड्ससारख्या शहरांहून लंडनला जाऊन परतण्याचे सहलभाडे आरंभी १५ शिलिंग ठरले होते. इतक्यात ग्रेट नॉर्दर्न ही प्रतिस्पर्धी रेल्वे कंपनी मैदानात उतरली आणि दरयुद्ध जुंपले. पाहता पाहता भाडे ५ शिलिंगांवर आले. कुक यांनी सहलींच्या माहितीसाठी स्वतःचे पत्रक काढले, मुलगा जॉन मेसन याला कामाला लावले आणि दीड लाखांहून अधिक प्रवासी लंडनला पोहोचवले.

७/ पण ५ शिलिंग एकरकमी आणायचे कोठून? याचे उत्तर कामगारांनीच शोधले होते. प्रदर्शनाच्या कितीतरी आधीपासून गिरण्यांत, कारखान्यांत आणि कामगारांसाठी वाचनालये व व्याख्याने चालवणाऱ्या ‘मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट’ संस्थांत बचत मंडळे निघाली. दर आठवड्याला काही पेन्स भरायचे आणि उन्हाळ्यात प्रवासाला निघायचे. आपल्याकडील भिशीशी नाते सांगणारी ही रीत. फरक इतकाच, की भिशीत रक्कम आळीपाळीने एकेकाच्या हाती पडते. येथे प्रत्येकाची पुंजी एकाच कारणासाठी साठत होती.

८/ तिसरी अडचण निवाऱ्याची. अनोळखी महानगरात नवख्याची लूट व्हायला वेळ लागत नाही. म्हणून लंडनच्या पिम्लिको भागात ‘मेकॅनिक्स होम’ हे मोठे निवासस्थान उभे राहिले. सुमारे हजार जणांची तेथे सोय होती. एका रात्रीचे १ शिलिंग ३ पेन्स. त्यात गादी, चादर, पांघरूण, साबण, टॉवेल हे सारे आले. बूट पुसून हवे असल्यास वेगळा एक पेनी. कशाला किती पडणार, हे आधीच ठरलेले होते.

९/ आता हिशेब मांडून पाहू. भाडे ५ शिलिंग, एका रात्रीचा निवास १ शिलिंग ३ पेन्स, प्रवेश १ शिलिंग. बेरीज ७ शिलिंग ३ पेन्स, म्हणजे ८७ पेन्स. आठवड्याला ६ पेन्स बाजूला टाकले तर १५ आठवडे. ३ पेन्सच जमत असतील तर २९ आठवडे. शिदोरी घरून बांधून नेली, तर एवढ्यात लंडन दिसत होते.

१०/ या बेरजेत न दिसणारा एक मोठा खर्च मात्र होता : बुडालेली मजुरी. रजेचा पगार ही कल्पना तेव्हाच्या कामगाराला अपरिचितच. काही मालकांनी सुटी दिली, प्रवासखर्चाला हातभारही लावला. सरे आणि ससेक्स परगण्यांतील शेतमजुरांना त्यांचे पाद्री एकत्र घेऊन आले. ज्यांना असा आधार नव्हता आणि ज्यांच्या घरी आठवड्याअखेर काहीच उरत नव्हते, त्यांच्यासाठी एक शिलिंगही फारच होता. स्वस्ताई झाली, तरी ती सर्वांपर्यंत पोहोचली नाही.

११/ प्रदर्शनातील किरकोळ खर्चाचे आकडेही नोंदलेले आहेत. मद्य वर्ज्य होते. पिण्याचे पाणी फुकट होते. उपाहारगृहांत ९ लाखांहून अधिक ‘बाथ बन’ खपले. जॉर्ज जेनिंग्ज यांनी बसवलेल्या स्वच्छतागृहांसाठी एक पेनी पडे आणि ती मोजणाऱ्यांची संख्या ८ लाखांवर गेली. गरिबाचा माणूस सोबतचे खाई, फुकटचे पाणी पिई आणि तरीही यंत्रांच्या दालनात तासन्‌तास उभा राही.

१२/ आणि ती दंगल? ती झालीच नाही. पोलीस सज्ज होते, पण शिलिंगवाले शिस्तीने आले आणि शिस्तीने गेले. ७ ऑक्टोबरला एका दिवसात १ लाख ९ हजारांवर लोक आले, तरी मोडतोड झाली नाही. एकूण ६० लाखांवर भेटींपैकी ४४ लाखांहून अधिक भेटी शिलिंगाच्या तिकिटावर झाल्या. मताधिकार नसलेल्या माणसांनी आपल्यावरील अविश्वासाला असे उत्तर दिले.

१३/ प्रदर्शनाअखेर सुमारे १ लाख ८६ हजार पौंड शिल्लक उरले. ४४ लाख शिलिंग म्हणजे २ लाख २० हजार पौंड. शिलिंगवाले आले नसते, तर ही शिल्लक कोठून आली असती? तिच्यातून साउथ केन्सिंग्टनची जमीन घेतली गेली आणि तेथे आजची मोठी संग्रहालये उभी राहिली. त्याच निधीतून विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या मिळू लागल्या. १८९५ मध्ये अर्नेस्ट रदरफोर्ड त्या आधारे केंब्रिजला आले. १९३६ मध्ये मुंबईत जन्मलेल्या होमी भाभांनाही १८५१ च्या प्रदर्शनाच्या नावाची विद्यार्थीवृत्ती मिळाली.

१४/ कुक यांनी यातून जो धडा घेतला, तो पुढे जगभर पसरला. १८५५ मध्ये त्यांनी युरोप खंडातील पहिली सहल नेली. १८६८ मध्ये हॉटेलची कूपने आणि १८७४ मध्ये परदेशात वटवता येणाऱ्या हुंडीवजा चिठ्ठ्या आणल्या. या साऱ्यामागे सूत्र एकच : घराबाहेर पाऊल टाकण्यापूर्वी खर्चाचा आकडा माणसाच्या हाती असावा. श्रीमंताला त्याची गरज नव्हती. खर्च वाढला तर तो आणखी पैसे मागवू शकत होता. गरिबाला मात्र आकडा ठाऊक असेल तेव्हाच बचत सुरू करता येत होती, आणि बचत सुरू झाली की लंडनची वाट मोकळी होत होती.