रेडिओच्या परवान्यापासून ब्लूटूथच्या जोडणीपर्यंत: कोहमारा मार्गावरील वाहनध्वनीचा इतिहास

गोंदिया जिल्ह्याच्या सडक अर्जुनी तालुक्यातील कोहमारा हे गाव बाहेरच्या जगाला ओळखीचे झाले ते मुख्यतः रस्त्यांमुळे. नागपूरहून भंडारा, साकोली या मार्गाने येऊन देवरीवरून रायपूरकडे आणि पुढे पूर्व किनाऱ्याकडे जाणारा महामार्ग गावाला लागून जातो. ब्रिटिश अमदानीत त्याच्या नागपूर-रायपूर टप्प्याला ग्रेट ईस्टर्न रोड म्हणत, स्वातंत्र्यानंतर तो राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 6 चा भाग झाला आणि 2010 मध्ये देशभरातील महामार्गांचे क्रमांक बदलण्यात आले तेव्हा त्याला 53 हा क्रमांक मिळाला. गोंदियाहून गोरेगावमार्गे येणारा रस्ता येथे या महामार्गाला मिळतो आणि पुढे नवेगावबांध, अर्जुनी मोरगावकडे जातो. त्यामुळे मालट्रक, एस.टी. गाड्या, धान वाहणारे ट्रॅक्टर, नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाकडे निघालेल्या पर्यटकांच्या मोटारी आणि दिवाळीनंतरच्या मोसमात झाडीपट्टीतील नाटक कंपन्यांच्या गाड्या, अशी नाना तऱ्हेची वाहतूक या परिसरातून होत असते. या वाहनांत गेल्या पाऊण शतकात काय वाजले, ते कोणत्या यंत्रातून वाजले आणि ते यंत्र रुसल्यावर त्याला बोलते कसे केले गेले, हा रस्त्याच्या इतिहासाचा सहसा न लिहिला जाणारा भाग आहे. मोबाइलचे सॉफ्टवेअर रात्रीतून अद्ययावत होणे आणि सकाळी गाडीतील ब्लूटूथने त्याला ओळख न दाखवणे, हे त्या इतिहासाचे आजचे प्रकरण होय. मात्र त्याचे मूळ बरेच मागे जाते.

हवेतून येणारा आवाज ऐकण्यासाठी भारतात दीर्घकाळ सरकारची परवानगी लागत असे. 1885 च्या तार कायद्याने संदेशवहनाचा अधिकार सरकारकडे घेतला होता आणि 1933 च्या भारतीय बिनतारी तारयंत्र कायद्याने तर बिनतारी यंत्र विनापरवाना जवळ बाळगणे हाच गुन्हा ठरवला. घरातील साधा रेडिओसुद्धा या व्याख्येत बसत असल्याने टपाल कचेरीत दरवर्षी शुल्क भरून परवाना नवा करून घ्यावा लागे. ही व्यवस्था 1980 च्या दशकात टप्प्याटप्प्याने संपली. ऐकण्यासाठी परवाना मागणाऱ्या याच राज्यसंस्थेने पुढे, जानेवारी 2005 मध्ये, 2.4 ते 2.4835 गिगाहर्ट्झ या लहरीपट्ट्यात कमी शक्तीने प्रक्षेपण करणाऱ्या उपकरणांना परवान्यातून सूट दिली. ब्लूटूथ आणि वायफाय याच पट्ट्यात चालतात. आज कोहमाऱ्यावरून जाणारी जवळजवळ प्रत्येक मोटार एक लहानसे प्रक्षेपण केंद्र झाली आहे आणि त्याबद्दल कोणाला कचेरीची पायरी चढावी लागत नाही, हे 1933 च्या कायद्याचा मसुदा करणाऱ्यांना बहुधा पटले नसते.

मोटारीत रेडिओ बसवण्याचा व्यवसाय अमेरिकेत 1930 मध्ये गॅल्विन बंधूंच्या कंपनीने ‘मोटोरोला’ या नावाने रूढ केला. त्या काळच्या रेडिओतील निर्वात नळ्यांना, म्हणजे व्हॉल्व्हना, दीडशे-दोनशे व्होल्टचा दाब लागे आणि मोटारीची बॅटरी तर अवघ्या सहा व्होल्टची असे. म्हणून व्हायब्रेटर नावाची एक थरथरणारी कळ बॅटरीचा प्रवाह सतत तोडत-जोडत राही आणि रोहित्र त्याचा दाब वाढवून देई. ट्रान्झिस्टर आल्यावर हा खटाटोप संपला आणि रेडिओ चालकाच्या केबिनमध्ये सामान्य झाला. विदर्भातील श्रोत्यांसाठी 16 जुलै 1948 रोजी आकाशवाणीचे नागपूर केंद्र सुरू झाले होते. 1957 मध्ये विविध भारती आली आणि 1 नोव्हेंबर 1967 पासून तिच्यावर जाहिराती सुरू झाल्या त्या मुंबई, पुणे आणि नागपूर या केंद्रांवरून. रात्रीच्या वाहतुकीच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची घटना 18 मे 1988 ची आहे: आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी नागपूर येथील एक मेगावॉट क्षमतेच्या मध्यमलहरी प्रक्षेपकावरून सुरू झाली आणि ती संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चालत असे. मध्यमलहरी रात्री आकाशातील आयनांबराच्या थरावरून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटर पोहोचतात, त्यामुळे नागपूर मागे टाकून पूर्वेकडे निघालेल्या ट्रकला ती वाहिनी रात्रभर सोबत करू शके.

रेडिओने दिलेले ऐकावे लागते, निवडता येत नाही. ही उणीव कॅसेटने भरून काढली. फिलिप्सने 1963 मध्ये आणलेली ही डबी भारतात खऱ्या अर्थाने पसरली ती 1980 च्या दशकात, टी-सीरीजसारख्या कंपन्यांनी स्वस्त कॅसेटींचा पूर आणल्यावर. दुरुस्तीच्या इतिहासात हा काळ सर्वांत समृद्ध म्हटला पाहिजे, कारण बिघाड डोळ्यांना दिसत असे आणि बोटांना लागत असे. आवाज दबका आला तर टेपच्या ‘हेड’वर, म्हणजे फितीवरील चुंबकीय ठसे वाचणाऱ्या भागावर, धूळ साचलेली असे आणि ती स्पिरिटच्या बोळ्याने निघे, आवाजातील तीक्ष्णपणा गेला असेल तर हेडच्या बाजूचा बारीक स्क्रू पाव फेरा फिरवून त्याचा कोन साधला जाई, गायिका पुरुषी आवाजात गाऊ लागली की पट्टा सैल झाला हे ऐकणाऱ्यालाही कळे. पूर्व विदर्भाच्या मे महिन्यात काचेखाली डॅशबोर्डवर राहिलेली कॅसेट वाकडी होई आणि तिला उपाय नसे. ट्रकचा प्रश्न आणखी निराळा होता: अवजड गाडीची विद्युतव्यवस्था चोवीस व्होल्टची, दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून केलेली, तर बाजारातला टेप बारा व्होल्टचा; म्हणून वायरिंग करणारा कारागीर दोहोंपैकी एकाच बॅटरीवरून तार ओढी, टेप सुरेख वाजे आणि काही महिन्यांनी ती एक बॅटरी दुसरीच्या आधी बसे. जाणता कारागीर दाब उतरवणारा कन्व्हर्टर मध्ये घालून हे टाळत असे. या साऱ्या ज्ञानाला पुस्तक नव्हते. ते उस्तादाच्या हाताखाली राहून मिळे आणि एकदा मिळाले की दहा-पंधरा वर्षे पुरे.

त्यानंतरची वीसएक वर्षे घाईची गेली. सीडी आली, एमपी 3 ची सीडी आली, पेनड्राइव्ह आला, आणि ज्यांच्या गाडीत जुनाच रेडिओ होता त्यांच्यासाठी सिगारेट पेटवण्याच्या खोबणीत बसणारा एफएम मॉड्युलेटर आला, जो पेनड्राइव्हवरील गाणे अगदी क्षीण एफएम लहरींवर सोडून गाडीच्याच रेडिओला ऐकवी. यातील प्रत्येक यंत्राचा बिघाड मात्र त्या यंत्रातच सापडत असे.

ब्लूटूथने ही स्थिती बदलली. स्वीडनमधील लुंड येथे एरिक्सन कंपनीत 1994 च्या सुमारास याप हार्टसेन आणि स्वेन मॅटिसन या अभियंत्यांनी फोन व त्याची उपकरणे यांच्यातील तार काढून टाकण्यासाठी हे तंत्र विकसित केले. मे 1998 मध्ये एरिक्सन, नोकिया, आयबीएम, इंटेल आणि तोशिबा या पाच कंपन्यांनी त्यासाठी संयुक्त गट जाहीर केला आणि इंटेलच्या जिम कार्डाख यांनी सुचवलेले दहाव्या शतकातील एका डॅनिश राजाचे टोपणनाव त्याला कायमचे चिकटले. ब्लूटूथची दोन उपकरणे 79 अरुंद वाहिन्यांवरून सेकंदाला 1600 वेळा उड्या मारत बोलतात आणि कोणती उडी केव्हा हे दोघांनाच ठाऊक असते. लहरींवर अशा उड्या मारण्याच्या एका पद्धतीचे पेटंट चित्रपट अभिनेत्री हेडी लामार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांना 1942 मध्येच मिळाले होते. पहिल्या भेटीत दोन्ही उपकरणे मिळून एक गुप्त किल्ली तयार करतात आणि ती दोन्हीकडे साठवली जाते. यालाच जोडणी किंवा पेअरिंग म्हणतात. पुढे कोणते काम करायचे त्याप्रमाणे वेगवेगळे नियमसंच, म्हणजे प्रोफाइल, वापरले जातात: बोलण्यासाठी एक, गाण्यासाठी दुसरा, गाणे पुढे-मागे करण्यासाठी तिसरा आणि फोनमधील नावे गाडीच्या पडद्यावर दाखवण्यासाठी चौथा. गाडीत फोनचे बोलणे ऐकू येते पण गाणे वाजत नाही, किंवा गाणे वाजते पण नावाऐवजी नुसते नंबर दिसतात, या तक्रारींचे स्पष्टीकरण या विभागणीत आहे. चारांपैकी एकच संच बिघडलेला असू शकतो.

अद्ययावतीकरणानंतरच्या बिघाडाचे खरे कारण यंत्राच्या झिजेत नसून दोन यंत्रांच्या वयांत आहे. फोन दोन-चार वर्षांत बदलला जातो आणि मधल्या काळात त्याचे सॉफ्टवेअर वारंवार पालटते. मोटार पंधरा वर्षे चालते आणि तिच्या संगीतयंत्रातील फर्मवेअर, म्हणजे यंत्रात कायम मुरवलेला आज्ञासंच, पुष्कळदा कारखान्यातून निघाला तसाच राहतो. पहिला रोज नवे बोलायला शिकतो, दुसरीला जुनेच कळते. नोव्हेंबर 2012 मध्ये अँड्रॉइड 4.2 आले तेव्हा गूगलने ब्लूटूथचा संपूर्ण ‘स्टॅक’, म्हणजे हे संभाषण हाताळणाऱ्या आज्ञावलीचे थर, बदलून ब्रॉडकॉमच्या सहकार्याने केलेला नवा बसवला आणि गाणी तुटक वाजू लागल्याच्या तक्रारी आल्या. त्यांवरील दुरुस्ती फेब्रुवारी 2013 च्या 4.2.2 मध्ये आली. सप्टेंबर 2014 च्या आयओएस 8 नंतर हीच पाळी आयफोनधारकांवर आली आणि ऑक्टोबरमधील 8.1 मध्ये हँड्सफ्री जोडणीची दुरुस्ती करावी लागली. 2019 मध्ये संशोधकांनी दाखवून दिले की ब्लूटूथची किल्ली ठरताना तिसऱ्याच कोणाला ती अतिशय आखूड करून घेता येते. त्यावर उपाय म्हणून फोन आखूड किल्ल्या नाकारू लागले. 2021 च्या अँड्रॉइड 12 मध्ये ‘जवळपासची उपकरणे’ अशी स्वतंत्र परवानगी आली, जी न दिल्यास गाडीशी बोलणारे ॲप मुके होते. यातील बहुतेक बदल योग्यच होते, काही तर आवश्यक होते. परंतु सुधारणा एका बाजूने झाली आणि तिचा भुर्दंड दुसऱ्या बाजूने भरला.

दुरुस्तीची रीत यामुळे पालटली. अद्ययावत फोनला साठवलेली किल्ली वापरता येत नाही आणि गाडी मात्र जुनी किल्लीच पुढे करत राहते, तेव्हा केवळ फोनमधून गाडीचे नाव पुसणे अपुरे ठरते. गाडीच्या यादीतूनही फोनचे नाव काढावे लागते, दोन्ही यंत्रे बंद करून चालू करावी लागतात आणि मग नव्याने जोडणी करताना नावे व कॉल यांची परवानगी विचारली गेली की ती द्यावी लागते. अनेक गाड्यांची यादी पाच-सात फोनांनी भरते आणि भाड्याच्या गाडीत तर उतारूंच्या फोनांनीच ती भरलेली असते, म्हणून जुनी नावे आधी काढणे हिताचे. गाणे वाजते पण त्याचे शीर्षक दिसत नाही किंवा आवाज कमी-जास्त होत नाही असे असेल, तर अँड्रॉइड फोनमधील विकसकांसाठीच्या पर्यायांत जाऊन एव्हीआरसीपी या नियंत्रण-प्रोफाइलची जुनी आवृत्ती निवडावी किंवा फोन व गाडी यांचा आवाज एकत्र बांधणारी सोय बंद करावी. म्हणजे नव्या फोनला मुद्दाम जुन्या बोलीत बोलायला लावावे. फोनची सर्व नेटवर्क मांडणी पुसून टाकणे हा शेवटचा उपाय आहे, कारण त्यात वायफायचे पासवर्डही जातात. एवढे करूनही गुण आला नाही, तर गाडीच्या फर्मवेअरची नवी आवृत्ती निघाली आहे काय हे पाहणे किंवा फोनच्या पुढच्या दुरुस्तीची वाट पाहणे एवढेच उरते. स्पिरिटचा बोळा आणि बारीक पेचकस यांचे स्थान मेनूतील पर्यायांच्या क्रमाने घेतले आहे आणि हे ज्ञान दहा वर्षे पुरत नाही. पुढच्या आवृत्तीत पर्यायाची जागाही बदललेली असते.

कोहमाऱ्याच्या परिसरात या निदानाला एक स्थानिक अडचण आहे. गोरेगावकडील मुरदोली आणि देवरीकडील शशीकरण या जंगलपट्ट्यांतून रस्ता जात असल्याने अशा ठिकाणी मोबाइलचे नेटवर्क क्षीण होऊ शकते आणि चालू असलेले बोलणे तुटते. चालक दोष ब्लूटूथला देतो आणि उत्तम चालणारी जोडणी पुसून बसतो. ब्लूटूथचे बोलणे फोन आणि गाडी यांच्यातच चालते आणि त्याला मोबाइल मनोऱ्याची गरज नसते, म्हणून फोनमध्ये साठवलेले एखादे गाणे लावून पाहणे ही सर्वांत सोपी परीक्षा आहे: ते वाजले तर दोष बहुधा नेटवर्कचा, न वाजले तर बहुधा जोडणीचा. ही परीक्षा गाडी उभी करूनच घ्यावी लागते. 1 सप्टेंबर 2019 पासून अमलात आलेल्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने चालवताना हातात फोन धरून वापरणे हे धोकादायक वाहनचालनात स्पष्टपणे गणले आहे, आणि 1 ऑक्टोबर 2020 पासूनच्या नियमाने दिलेली सवलत केवळ मार्ग पाहण्यापुरती व चालकाचे लक्ष विचलित होत नसेल तरच आहे. शिवाय हे रस्ते वन्यप्राणीही ओलांडतात.

दरम्यान ब्लूटूथ गटाने 2020 च्या जानेवारीत एलई ऑडिओ नावाची ध्वनिवहनाची नवी पद्धत जाहीर केली, जिचे नियमसंच 2022 मध्ये पूर्ण झाले आणि जी कमी विजेत अधिक चांगला आवाज देते. नवे फोन सध्या जुनी व नवी अशा दोन्ही पद्धती बाळगून आहेत, कारण महामार्गावरून जाणाऱ्या बहुसंख्य गाड्यांना पहिलीच तेवढी समजते.