मचाण आणि मी

आमच्या शाखेचे नूतनीकरण झाले आणि माझा पिंजरा लिलावात निघाला.

पिंजरा म्हणजे कॅशियरचा पिंजरा. सागवानी चौकट, वर जाळी, समोर खिडकी, खिडकीखाली हात जाईल एवढी फट आणि कपाळावर पांढऱ्या अक्षरांत 'रोख देणे'. सतरा वर्षे मी त्यात बसलो. आता तिथे काचा आल्या आणि जुने सामान 'आहे त्या स्थितीत' विकायचे ठरले. बोली लावायला मी आणि एक भंगारवाला, असे दोघेच. त्याचा डोळा जाळीवर, माझा लाकडावर. अठराशे रुपयांत सौदा तुटला. हातगाडीवरून पिंजरा दारात उतरला तेव्हा सौ. म्हणाली, "दिवसभर ह्यात बसून तुमचं भागलं नाही का?"

प्रश्न रास्त होता. पण पिंजरा माझ्यासाठी नव्हता, आबांसाठी होता.

आबा माझे थोरले चुलते. पंच्याऐंशी ओलांडली. एके काळी ठासणीची बंदूक खांद्यावर टाकून म्हसवडच्या पूर्वेचा माळ तुडवणारा माणूस. आता गुडघे गेले, कान गेले. डोळे तेवढे मोतीबिंदू काढल्यापासून नव्याने आले आणि घरातली सगळी माणसे स्पष्ट दिसू लागल्यामुळे त्यांची चिडचिड वाढली. एक दिवस ते म्हणाले, "मला एकडाव माळावर नेऊन बसीव. लपणात."

"आबा, आता शिकारीला बंदी आहे. १९७२ सालापासून!"

"मारायचं कोण म्हनतंय? बघायचंय."

शेजारी, सौ. आणि आमची चिरंजीव मंडळी यांनी मला वेड्यात काढले ते इथून. पण कॉमर्सचा पदवीधर कुठल्याही कामाला हात घालण्यापूर्वी मागील शिल्लक तपासतो. मी तालुक्याच्या वाचनालयात जाऊन या धंद्याची जुनी खातेवही उघडली.

पहिली गोष्ट शब्दाची. उंचावर असेल तर ते मचाण, जमिनीसरशी असेल तर लपण आणि काउंटरमागे असेल तर रोखपाल. तिन्ही ठिकाणी कौशल्य एकच लागते : न हलता बसायचे आणि समोरचा जवळ येईपर्यंत आपण त्याला पाहिलेच नाही, असा चेहरा ठेवायचा. मचाण हा शब्द तर साहेबांनाही इतका आवडला की त्यांनी तो इंग्रजीत नेला. खाली बकरे बांधायचे, वर साहेबाने थर्मास घेऊन बसायचे आणि रानभर हाकारे घालायला आपली माणसे!

त्याच्याही आधी कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर. ११२९ च्या सुमारास त्याने 'मानसोल्लास' रचला. त्यात मृगयेचा विचार आहे आणि पाककृतींचाही. म्हणजे मारायचे कसे आणि मग शिजवायचे कसे, हे दोन्ही एकाच ग्रंथात. असा व्यवहारी राजा पुन्हा झाला नाही.

दबा धरण्याच्या बाबतीत आमच्या गावाच्या नावावरही एक नोंद आहे, पण ती आम्ही मोठ्याने वाचत नाही. १६९७ साली सेनापती संताजी घोरपडे शंभूमहादेवाच्या डोंगरात, ओढ्यावर स्नान करत असताना त्यांना गाठून मारले ते नागोजी मान्याने. हा नागोजी म्हसवडचा. मोगलांना ज्याच्या नावाने घाम फुटायचा, तो माणूस आंघोळ करताना मारला गेला. सव्वातीनशे वर्षे झाली, तरी मी कर्जवसुलीला परगावी गेलो आणि 'म्हसवडचा' म्हणून सांगितले की समोरचा जरा सावरून बसतो, असा मला भास होतो.

शेतकऱ्याचा माळा मात्र सज्जन. जोंधळ्यात चार मेढी रोवायच्या, वर बाज टाकायची आणि गोफण घेऊन पाखरे हाकायची. तुकोबांना असेच राखणीला बसवल्याची कथा महिपतींनी सांगितली आहे. तुकोबांनी पाखरांना हाकलले नाही, खाऊ दिले. बँकेच्या भाषेत याला कर्तव्यात कसूर म्हणतात. पण पुढे धान्य उतरले ते अंदाजाहून कितीतरी जास्त. असला ताळेबंद लेखापरीक्षकाला दाखवण्याची माझी छाती नाही.

पण लपणाच्या विद्येत खरी बाजी मारली ती गायपारध्यांनी. त्यांचे लपण चालते असे. शिकवलेली गाय पुढे घालायची, तिच्या आडून, तिच्याच चालीने, चरत-रेंगाळत हरणांच्या कळपापर्यंत जायचे. हरणाला फक्त गाय दिसते. गाईला पाय सहा आहेत हे मोजायला हरीण काही कॉमर्सला गेलेले नसते. इंग्लंडात कीर्टन नावाचे दोन भाऊ, रिचर्ड आणि चेरी, पाखरांचे फोटो काढायचे. त्यांनी १९०० च्या सुमारास हीच युक्ती लढवली, पण मेलेल्या बैलावर. पोकळ बैल, आत रिचर्ड, कॅमेरा आणि घाम. एकदा आत त्याला घेरी आली आणि बैल चारी पाय वर करून आडवा झाला. भावाने आधी काय केले असेल? बैलाचा फोटो काढला! त्या कीर्टनांचे नाव पुस्तकांत आदराने येते. आमच्या पारध्यांना मात्र इंग्रज सरकारने १८७१ साली सुरू केलेल्या कायद्याखाली 'गुन्हेगार जमात' म्हणून वहीत मांडले. ती नोंद खोडायला १९५२ उजाडले. खोडली, पण डाग राहिला. ती शाई आमच्या बँकेतल्या शाईपेक्षा पक्की निघाली.

एवढा अभ्यास झाल्यावर मी सुतारमामांना बोलावले. त्यांनी पिंजऱ्याभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि विचारले, "म्हाताऱ्याला ह्यात कोंडताय व्हय?"

परसात काम सुरू झाले. जाळी काढली, तिच्या जागी फळ्या. बसल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण पावणेचार फुटांवर येतात, म्हणून तिथे सहा बोटे रुंद आडवी फट ठेवली. खिळे नको, लाकडी खुंट्या मारा, असे आबांनी ओसरीवरून फर्मावले. "खिळा कुरकुरतो. तितर हुशार असतंय." मागची बाजू काळोखी पाहिजे. पाठीमागून उजेड आला तर आतली हालचाल पाखराला पडद्यावरच्या सिनेमासारखी दिसते. सगळ्यांत मोठी अडचण बँकेच्या पॉलिशची होती. ते उन्हात असे चमके की कोसावरून पाखरू म्हणाले असते, शाखा उघडली! शेवटी त्या सागवानावर शेणकाला फासला. सतरा वर्षांत त्या लाकडावर बऱ्याच जणांनी बरेच काही फासले होते, पण हे पहिलेच उपयोगी.

सुतारमामा 'रोख देणे' ही पाटी उचकटू लागले तेव्हा आबा काठी आपटून म्हणाले, "ती ऱ्हाऊ द्या."

मला तेव्हा वाटले, म्हातारपणचा हट्ट.

टेम्पोवरून पिंजरा बाजारपेठेतून निघाला तो कार्तिकात. सिद्धनाथाचा रथ निघतो मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला, पण एका आजींनी आधीच हात जोडले. माळावर, आमच्या पडीक दोन एकरांत तो ठेवला आणि वर कडबा पसरला. आठ दिवस त्याच्याकडे फिरकायचे नाही, पाखरांना सवय होऊ द्यायची, असा आबांचा हुकूम. तेवढ्यात कुणीतरी वर्दी दिली की बँकेतला कारकून शिकारीचे मचाण बांधतोय. चौकशीला एक वनरक्षक आले. पिंजऱ्यात पाव तास बसून बाहेर आले आणि म्हणाले, "झोप झकास लागंल की हो आत!" प्रकरण मिटले.

आबांना काय बघायचे होते, ते मला त्या आठ दिवसांत कळले.

१९६४ च्या आसपासची गोष्ट. त्याच माळावर त्यांनी माळढोकाचा नर मारला होता. पुरुषभर नव्हे, पण छातीला लागेल एवढा उंच पक्षी, दहा-बारा किलोंचा. "वाड्यातली तेरा माणसं जेवली," असे ते सांगत आले होते आणि आम्ही लहानपणी ते ऐकून टाळ्या पिटल्या होत्या. या खेपेला पुढचेही सांगितले. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा गेले तर मादी तिथेच होती. खाली अंडे होते. माळढोक एका विणीला एकच अंडे घालतो, तेही उघड्या जमिनीवर. "ती उडाली न्हाई. नुसती बघत हुती. म्या घोडा चढवला आन् उतरवला," आबा म्हणाले.

या पक्ष्याच्या नशिबात पहिल्यापासून नकारच. राष्ट्रीय पक्षी निवडायची वेळ आली तेव्हा सलीम अलींचा कौल माळढोकाला होता. १९६३ साली निवड झाली मोराची. सांगतात की 'बस्टर्ड' या इंग्रजी नावात एखादे अक्षर घसरले तर देशाची शोभा होईल, ही भीती होती. खरेखोटे देव जाणे, पण एका कारकुनी चुकीच्या धास्तीने पक्ष्याची बढती हुकली, हे मला शंभर टक्के पटते. पुढे १९७९ साली सोलापूर-नगरकडे त्याच्यासाठी अभयारण्य झाले. पण माळ नांगरले गेले, उसाचे झाले, वर विजेच्या तारा आल्या. या पक्ष्याला समोरचे कमी दिसते आणि जड देहाला ऐन वेळी वळता येत नाही. आज देशभरात दीडशेच्या आत उरले आहेत, ते बहुतेक राजस्थानात. नान्नजला एखादा दिसला तर पेपरात बातमी येते.

हे सगळे मी वाचले होते, पण आबांना सांगितले नव्हते. उगाच कशाला? माडगूळचे व्यंकटेश माडगूळकर, म्हणजे आमचे शेजारीच म्हणायचे, तेही तरुणपणी बंदूक घेऊन हिंडले आणि पुढे दुर्बीण घेऊन बसले. तसे आबा बसतील, चंडोल बघतील, खूष होतील, असा माझा हिशेब.

नवव्या दिवशी पहाटे आम्ही दोघे लपणात शिरलो. खुर्ची मांडली, दुर्बीण गल्ल्याच्या खणात ठेवली. इथे या धंद्यातली शेवटची युक्ती : दोघांनी आत जायचे आणि एकाने बाहेर पडून दूर निघून जायचे. पाखरांना दोनपर्यंत मोजता येत नाही. माणूस आला, माणूस गेला, हिशेब जुळला. मी उठता उठता म्हणालो, "आबा, आज नाही दिसला तर मनाला लावून घेऊ नका."

"काय दिसला तर?"

मी गप्प.

"आरं लेका, पेपर मी बी वाचतो," आबा फटीतून बाहेर बघत म्हणाले. "न्हाई येणार, ठावं हाय मला. तू जा. आन् मोठ्यानं खोकत जा, पाखरांना कळाया पायजे."

मी खोकत खोकत बांधापर्यंत गेलो. दिवस वर आला. पखुर्ड्यांचा थवा पाण्याकडे गेला. दोन धाविक पिंजऱ्यासमोर दहा हातांवर पळत-थांबत, पळत-थांबत राहिले. एक मेंढका जवळ येऊन पाटी वाचत उभा राहिला. त्याने फटीत तोंड घालून काहीतरी विचारले आणि हसत निघून गेला. नंतर कळले की त्याने पासबुक भरून मिळेल का, म्हणून विचारले होते.

दहा वाजता मला कामावर हजर व्हायचे होते. साडेनऊला मी आबांना न्यायला गेलो. खिडकीखालच्या फटीतून, जिथून मी सतरा वर्षे नोटा सरकवल्या, तिथून त्यांचा हात बाहेर आला आणि मला मागे सरण्याची खूण केली.

"थांब जरा. आजून बंद केलं न्हाई."

मी परत बांधावर जाऊन बसलो आणि शाखेत फोन लावला की आज रजा धरा.