एक पिक्चर होता बघ, त्यात ते पक्षी...

चहाच्या टपरीवर हा खेळ नेहमी रंगतो. कोणीतरी सुरुवात करतो, "अरे, एक पिक्चर होता बघ, त्यात तो माणूस शेवटी पुलावर उभा असतो..." नट कोण? माहीत नाही. साल? "मी लहान होतो." भाषा? "बहुतेक हिंदी. किंवा डब केलेला." पण पूल मात्र स्वच्छ आठवतो, त्यावरच्या धुक्यासकट.

आपली मेमरी अशीच आहे. प्रसंग ठेवते, नावं फेकून देते. आणि सिनेमा शोधायची साधनं बनली ती बरोब्बर उलट्या बाजूने.

आयएमडीबीचंच बघा. कोल नीडहॅम हा ब्रिटिश प्रोग्रामर आणि युजनेटवरचे त्याच्यासारखे काही सिनेमावेडे हौसेने याद्या बनवत होते. नट्यांची यादी, नटांची यादी, दिग्दर्शकांची यादी. १७ ऑक्टोबर १९९० रोजी नीडहॅमने या याद्या शोधता येतील अशा युनिक्स स्क्रिप्ट्स सगळ्यांसाठी खुल्या केल्या. पुढे १९९३ मध्ये ते प्रकरण वेबवर आलं, १९९८ मध्ये ॲमेझॉनने विकत घेतलं. कथासार, कीवर्ड वगैरे नंतर जोडत गेले, पण पाया नावांचाच. नट माहीत असेल तर सिनेमा एका सेकंदात मिळतो. पूल माहीत असेल तर बसा शोधत. आमच्या भाषेत सांगायचं तर इंडेक्स नेमका त्या कॉलमवर आहे जो युजरकडे नल असतो.

मजा म्हणजे हा प्रश्न लोककथावाल्यांनी फार आधी सोडवला होता. फिनलंडच्या आन्ती आर्नेने १९१० मध्ये लोककथांचं वर्गीकरण छापलं, अमेरिकेच्या स्टिथ थॉम्पसनने १९२८ आणि १९६१ मध्ये ते वाढवलं, जर्मनीच्या हान्स-यॉर्ग उथरने २००४ मध्ये नव्याने रचलं. त्यात कथेला नंबर मिळतो तो प्रसंगावरून. कारण उघड आहे. लोककथेला लेखक नसतो, मग इंडेक्स करणार कशावर?

आता एक खरं उदाहरण घेऊ. ऐंशीच्या दशकात दूरदर्शन पाहिलेल्या कोणालाही विचारा. एक छोटीशी कार्टून फिल्म. बागेत मुलं खेळतायत, एक ताई लहानग्याला 'एक' आणि 'अनेक' यातला फरक समजावतेय. पक्षी दाणे टिपायला उतरतात, पारध्याच्या जाळ्यात सापडतात, सगळे मिळून जाळ्यासकट उडतात आणि मग उंदीर येऊन जाळं कुरतडतात. गाणं तर बहुतेकांना सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाठ असतं. माझ्या पिढीपर्यंत ते मोठ्या भावंडांच्या तोंडूनच आलं. आता विचारा, फिल्मचं नाव काय? कोणी बनवली? दहातले नऊ गप्प. (हा माझा अंदाज आहे, सर्व्हे नाही!)

चाल येते म्हणून चालीवरून शोधायचं म्हटलं तर ते बराच काळ जमत नव्हतं. २००२ मध्ये ब्रिटनमध्ये शाझॅम सुरू झालं तेव्हा २५८० नंबर फिरवून फोन स्पीकरसमोर धरायचा, मग एसएमएसवर गाण्याचं नाव यायचं. भारी होतं, पण ते ओळखायचं ठरावीक रेकॉर्डिंगचा ठसा. तुमचं गुणगुणणं त्याच्या उपयोगाचं नाही. गुणगुणून शोधायची सोय गुगलने दिली ती ऑक्टोबर २०२० मध्ये.

मग शब्दांवरून. इथे आपली खास देशी भानगड सुरू होते, रोमन स्पेलिंगची. 'चिडिया' कोणी 'डी' घालून लिहितो, कोणी 'आर' घालून. नुक्तावाल्या 'ड'चं इंग्रजीत काय करायचं यावर आजतागायत एकमत नाही. उच्चारावरून नावं जुळवणारी साउंडेक्स नावाची जुनी पद्धत आहे, रॉबर्ट रसेलचं पेटंट १९१८ चं. त्यात 'डी'वाल्या चिडियाला 'सी३००' कोड मिळतो आणि 'आर'वालीला 'सी६००'. म्हणजे उच्चारासाठी बनवलेल्या पद्धतीतसुद्धा एकाच पक्ष्याचे दोन पक्षी! म्हणून साधा उपाय: दोन्ही स्पेलिंगं टाका, मग देवनागरीत टाका, आणि आठवणारे सलग शब्द अवतरण चिन्हांत घाला.

गोष्टीवरून गेलात तर भलतीकडे पोचता. पंचतंत्रातल्या 'मित्रसंप्राप्ती'मध्ये कबुतरांचा राजा चित्रग्रीव जाळं घेऊन उडतो आणि हिरण्यक उंदीर ते कुरतडतो. लोककथांच्या त्या इंडेक्समध्ये याला चक्क नंबर आहे, २३३बी. पण तिथे गोष्ट सापडते, फिल्म नाही.

बरं, समजा काहीतरी सापडलं. ते आपलंच कशावरून? अमेरिकेतल्या असंख्य लोकांना ठामपणे आठवतं की नव्वदच्या दशकात सिनबाद या विनोदी नटाने एका सिनेमात जिनचं काम केलं होतं आणि त्याचं नाव 'शझाम' होतं. (गाणी ओळखणाऱ्या ॲपशी संबंध नाही.) असा सिनेमाच नाही. १९९६ चा 'कझाम' आहे, पण त्यातला जिन म्हणजे बास्केटबॉलवाला शकील ओ'नील. सिनबादने १९९४ मध्ये टीव्हीवर सिंदबादच्या जुन्या सिनेमांचा कार्यक्रम तशाच वेषात सादर केला होता, बहुधा तिथून गुंता झाला. १ एप्रिल २०१७ ला तर कॉलेजह्यूमरने खुद्द सिनबादला घेऊन त्या सिनेमाचा खोटा सीन बनवला. म्हणजे आता शोधलं तर 'पुरावा'पण मिळतो! तेव्हा आठवणीशी जुळलं एवढ्यावर थांबायचं नाही. श्रेयनामावली, पुरस्कारांच्या याद्या, असं काहीतरी कागदावरचं हवं.

आपल्या चिडियांचा कागद मिळतो. फिल्मचं नाव 'एक अनेक और एकता', साल १९७४, निर्मिती फिल्म्स डिव्हिजन. सर्वोत्कृष्ट शैक्षणिक चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार. ॲनिमेशन भीमसेन यांचं. हो, तेच १९७७ च्या 'घरौंदा'चे दिग्दर्शक. गाण्याचे शब्द दिल्लीच्या गांधर्व महाविद्यालयाचे पंडित विनयचंद्र मौद्गल्य यांचे. संगीत वसंत देसाई, आपल्या 'दो आँखें बारह हाथ'चे. तो गोड आवाज साधना सरगमचा, तेव्हा ती जेमतेम पाच वर्षांची होती.

आणि फिल्म बनवणाऱ्या बाई म्हणजे विजया मुळे. जन्म मुंबईचा, १९२१ चा. भारतातल्या फिल्म सोसायटी चळवळीच्या अगदी सुरुवातीच्या लोकांपैकी एक. १९७५-७६ मध्ये सहा राज्यांतल्या २४०० गावांत उपग्रहावरून टीव्ही दाखवायचा 'साइट' प्रयोग झाला, त्यासाठीच्या शैक्षणिक फिल्म्सच्या कामातही त्या होत्या. अभिनेत्री सुहासिनी मुळे ही त्यांची मुलगी. मला स्वतःला हे सगळं वाचून जरा लाज वाटली नाही, रागच आला. इतकी माणसं, त्यातली निम्मी मराठी, आणि आपण ती फिल्म चालवतो कशी? आजीने सांगितलेल्या गोष्टीसारखी, बिननावाची. २३३बी!

याच बाईंनी जगभरातल्या सिनेमांत भारत कसा दिसला यावर संशोधन केलं, म्हणजे परक्यांचे जुने, विसरलेले सिनेमे हुडकून पाहिले. त्याचं जाडजूड इंग्रजी पुस्तक २०१० मध्ये आलं तेव्हा त्या नव्वदीच्या उंबरठ्यावर होत्या. मे २०१९ मध्ये, ९८ व्या वर्षी त्या गेल्या.

शोधायचं असेल तर आडनावाचं स्पेलिंग एम-यू-एल-ए-वाय. शेवटी नुसता 'ई' लावलात तर खेचरांचे फोटो येतील. साउंडेक्सला मात्र दोन्ही सारखेच, एम४००.