कंपवात, खाजकुयली आणि प्रयोगशाळेतला उंदीर

मंडळी, पोस्ट लांब आहे. सवडीनं वाचा, पण वाचा.

"कंपवातावर खाजकुयलीची पूड घ्या, इंग्रजी गोळ्या बंद करा" असा मेसेज व्हॉट्सॲपवर अधूनमधून फिरत असतो. आपलं पेडगाव घ्या नाहीतर आजूबाजूचं कुठलंही गाव घ्या, हात थरथरणारं, पाऊल अडखळणारं, चेहरा गोठल्यासारखा झालेलं एखादं म्हातारं माणूस असतंच. घरचे म्हणतात वय झालं, चालायचंच. मग हा मेसेज येतो आणि पुडीचा डबा घरात येतो. मेसेज निव्वळ थाप असता तर एका ओळीत विषय संपला असता. पण तो अर्धा खरा आहे. तो खरा अर्धा कुठून आला त्याची गोष्ट मुंबईच्या दवाखान्यातून निघून स्वीडनच्या उंदरापर्यंत जाते आणि फिरून मुंबईला येते.

सुरुवात खाजकुयलीपासून नाही, सर्पगंधेपासून करावी लागते. ही सह्याद्रीतल्या आणि हिमालयाच्या पायथ्याच्या दमट रानातली वनस्पती. हिच्या मुळीला बिहारकडं 'पागल की दवा' म्हणायचे. वेड लागलेल्या, रात्र रात्र न झोपणाऱ्या माणसाला ती देत. १९३१ साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस या दोघांनी वेड आणि रक्तदाब या दोन्हींवर ही मुळी चालते असं लिहून प्रसिद्ध केलं. त्याच साली दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दीकी तिच्यातली रसायनं वेगळी काढत होते. बाहेरच्या जगानं लक्ष दिलं नाही. ते दिलं १९४९ मध्ये, मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरचे निष्कर्ष 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापले तेव्हा. पेपर साधा आहे. किती रुग्ण, किती दिवस, दाब किती उतरला. पण तो वाचून अमेरिकेतल्या डॉक्टरांनी मुळी मागवली. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीनं तिच्यातलं मुख्य द्रव्य वेगळं केलं, त्याचं नाव रेसर्पिन. १९५७ साली डॉ. वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. आपल्या शाळेच्या पुस्तकात हे नाव का नसावं, हे मला कळलेलं नाही.

रेसर्पिननं वेड्यांच्या इस्पितळात मोठा फरक पडला. बांधून ठेवावे लागणारे रुग्ण शांत झाले. पण सोबत दोन तक्रारी आल्या. एक म्हणजे काही रुग्ण फार उदास होऊ लागले. दुसरी म्हणजे जास्त डोस झालेल्यांचं अंग ताठरू लागलं, हात थरथरू लागले. थेट कंपवातासारखं. औषध बंद केलं की हे उतरायचं.

का, ते माणसाच्या डोक्यात बघता येत नव्हतं. इथून उंदीर येतो.

स्वीडनमधल्या आर्विड कार्लसन यांनी १९५७ मध्ये सशांना आणि उंदरांना रेसर्पिन दिलं. (ससा उंदराच्या कुळातला नाही, हे शाळेतली पोरं आता सांगतील. पण त्या पेपरात दोन्ही होते.) जनावरं निपचित झाली. सशांचे कान लोंबले, डोळे अर्धे मिटले, ढकललं तरी हलेनात. मग कार्लसननी त्यांना डोपा टोचलं. थोड्याच वेळात कान उभे, जनावर चालायला लागलं. कारण असं की मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप द्यायला जी रसायनं साठवून ठेवतात तो साठाच रेसर्पिन रिकामा करतं. त्यातलं एक डोपामिन. डोपामिन बाहेरून टोचून उपयोग नाही, ते रक्तातून मेंदूत शिरत नाही. डोपा मात्र शिरतं आणि आत गेल्यावर त्याचं डोपामिन होतं. पुढच्याच वर्षी कार्लसननी दाखवलं की डोपामिन हा मेंदूचा नेहमीचाच घटक आहे. त्याआधी त्याला कोणी फारसं विचारत नव्हतं. २००० साली त्यांना नोबेल मिळालं ते या कामाबद्दल.

मग व्हिएन्नात ओलेह हॉर्निकिएविच यांनी कंपवातानं गेलेल्या माणसांचे मेंदू तपासले. हालचाल सांभाळणाऱ्या भागात डोपामिन जवळजवळ संपलेलं होतं. हे १९६० साली छापून आलं. १९६१ मध्ये तिथल्याच रुग्णांना एल-डोपा टोचून बघितलं, आणि अंथरुणाला खिळलेली माणसं काही तासांपुरती का होईना उठली. १९६७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज कॉत्झियास यांनी डोपाचा तोंडी डोस हळूहळू वाढवत न्यायची पद्धत बसवली. आज जगभर कंपवाताला जी मुख्य गोळी देतात ती हीच. सोबत कार्बिडोपा असतं, म्हणजे एल-डोपाचं डोपामिन पोटात आणि रक्तात आधीच होऊन मळमळ-उलटी होऊ नये.

आता खाजकुयली. आपल्या कुपाटीवर चढणारा वेल, शेंगांवर सोनेरी लव, आणि ती अंगाला लागली की काय होतं ते सांगायला नको. आयुर्वेदात कपिकच्छू, आत्मगुप्ता. या बियांतून १९३७ साली मद्रासमध्ये दामोदरन आणि रामस्वामी यांनी एक द्रव्य वेगळं केलं होतं. ते म्हणजे एल-डोपा. कार्लसनच्या सशांच्या वीस वर्षं आधी! पण त्याचं मेंदूत काय काम, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं. म्हणजे रसायन आपल्याकडं सापडून पडलेलं, रोग आपल्याकडं होता, झाड बांधावर होतं. मधला दुवा जोडला तो उंदीर-सशांनी.

हे कळल्यावर मुंबईत डॉ. अशोक वैद्य आणि सहकाऱ्यांनी खाजकुयलीच्या बियांची पूड कंपवाताच्या रुग्णांना देऊन बघितली. ते काम १९७८ मध्ये 'न्यूरॉलॉजी इंडिया'त आलं. पुढं बियांपासून मोजून बनवलेलं एचपी-२०० नावाचं चूर्ण आलं. त्याची चाचणी ६० रुग्णांवर १२ आठवडे झाली, १९९५ मध्ये छापली गेली. २००४ मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी ८ रुग्णांवर पूड आणि नेहमीची गोळी अदलून बदलून तपासली. ३० ग्रॅम पुडीचा असर साधारण ३५ मिनिटांत सुरू झाला, गोळीला सत्तरच्या आसपास मिनिटं लागली. आठच रुग्ण, हे विसरू नका. पण काम नीट केलेलं आहे.

आणि मध्ये १९९७ साली डॉ. बाला मन्यम आणि हुसेन यांनी हीच पूड उंदरांवर तपासली. त्याची रीत ऐकण्यासारखी आहे. उंदराला कंपवात आपोआप होत नाही. म्हणून मेंदूच्या एकाच बाजूला विष टोचून तिथल्या डोपामिनच्या पेशी मारतात. १९६८ मध्ये स्वीडनच्या उंगरस्टेड यांनी हे शोधलं. एक बाजू गेली की उंदीर औषध दिल्यावर घाण्याच्या बैलासारखा गोल फिरतो. किती फेऱ्या मारल्या ते मोजायचं, त्यावरून औषधाची ताकद. खाजकुयली त्या मोजणीत कृत्रिम एल-डोपापेक्षा सरस ठरली. "आयुर्वेदापुढं विज्ञान नमलं" वाले मेसेज बहुतेक इथूनच निघतात, फक्त उंदीर गाळून!

उंदीर गाळून चालत नाही. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात काही तरुण बनावट नशा टोचून घेऊन एका रात्रीत कंपवातासारखे जखडले. त्या नशेत एमपीटीपी नावाचं विष होतं. तेच विष माकडाला बाधलं, काही जातींच्या छोट्या उंदरांना बाधलं, प्रयोगशाळेतल्या मोठ्या उंदराला जवळपास काहीच झालं नाही. आधी त्या मोठ्या उंदरावर तपासलं असतं तर विष निर्धोक ठरलं असतं. माणसाचा कंपवात वर्षानुवर्षं सरकत येतो, उंदराचा एका सुईत होतो. फेऱ्या मोजून ताकद कळते. दहा वर्षांनी काय होईल ते कळत नाही.

जाता जाता एक. रेसर्पिन दिलेला सुस्त उंदीर पुढं नैराश्याची औषधं तपासायची चाचणीच होऊन बसला. नवं औषध दिल्यावर त्याच्या मिटलेल्या पापण्या उघडल्या तर औषधात काही दम आहे. म्हणजे आपली सर्पगंधा आधी औषध होती, मग दुसऱ्यांची औषधं तपासायचं माप झाली. रानातून इतकी उपसली गेली की १९९० पासून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आहे. आणि त्या जनावरांचं काय, असं कोणी विचारलं तर प्रश्न रास्तच आहे. आपल्याकडं १९६० चा प्राणी क्रूरता कायदा आहे, १९९८ च्या नियमांनुसार समितीच्या परवानगीशिवाय असा प्रयोग करता येत नाही.

आता घरातल्या डब्याकडं. वरच्या सगळ्या चाचण्यांत पूड मोजलेली होती, तिच्यात एल-डोपा किती ते ठाऊक होतं. बाजारात सुटी मिळते तिच्यात ते बियागणिक बदलतं. गोळी चालू असताना वरून पूड घेतली तर एकच औषध दोनदा पोटात जातं. मग मळमळ, चक्कर, भास, अंगाला नको तसे हेलकावे. आणि मेसेजमधलं ते "गोळ्या बंद करा" सगळ्यात वाईट. एल-डोपा एकदम थांबवलं तर अंग लाकडासारखं ताठरून ताप चढू शकतो, माणूस दगावू शकतो.

तेव्हा पूड चालू असेल तर पुढच्या खेपेला परभणीला किंवा नांदेडला मेंदूच्या डॉक्टरकडं जाताना डबा पिशवीत टाका आणि दाखवा. डॉक्टर रागावतील म्हणून लपवू नका. रागावले तर रागावू द्या. गोळीचा डोस ठरवताना त्यांना डब्यातलं एल-डोपाही धरावं लागतं.