न रुजलेल्या मज्जेने उकललेले कोडे

बर्लिन, १८८८. पॉल एर्लिख या तरुण डॉक्टरने २१ वर्षांच्या एका गर्भवती स्त्रीच्या आजाराची नोंद प्रसिद्ध केली. तीव्र रक्तक्षय, रक्तस्राव, ताप आणि अल्पावधीत मृत्यू. शवविच्छेदनात तिच्या मांडीच्या हाडातील मज्जा लाल नव्हे, तर पिवळी व चरबीने भरलेली आढळली. रक्त जिथे घडते, तिथेच ते घडणे थांबले होते. पुढे या व्याधीला ‘अप्लास्टिक ॲनिमिया’ हे नाव पडले. कारण मात्र कोणालाच ठाऊक नव्हते.

🧵 विसाव्या शतकाच्या आरंभी याच एर्लिख यांनी बकऱ्यांना दुसऱ्या बकऱ्यांचे रक्त टोचून पाहिले. परक्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडे तयार झाली. स्वतःच्या रक्ताविरुद्ध कधीच नाही. शरीर आत्मघात टाळते, या तत्त्वाला त्यांनी ‘हॉरर ऑटोटॉक्सिकस’ असे लॅटिन नाव दिले. असा आत्मघात रोखणारी काही यंत्रणा असली पाहिजे, एवढेच खरे तर त्यांचे म्हणणे होते. पुढच्या पिढ्यांनी त्याचा अर्थ ‘असे घडणे अशक्य’ असा लावला. गुरूपेक्षा शिष्यच अधिक कर्मठ निघावेत, तसे हे झाले. १९०४ मध्ये डोनाट आणि लँडस्टायनर यांनी थंडीने स्वतःच्याच तांबड्या पेशी फोडणारे प्रतिपिंड दाखवून दिले, तरी तो अपवाद मानला गेला.

🧵 त्यामुळे अप्लास्टिक ॲनिमियाचा विचार ‘मज्जा संपली, नवी पेरा’ इतकाच राहिला. पेरणीचे शास्त्र हळूहळू आकाराला येत होते. १९५८ मध्ये युगोस्लाव्हियातील विन्चा येथे अणुभट्टीच्या अपघातात सहा जण किरणोत्साराने होरपळले. पॅरिसमध्ये जॉर्ज माते यांनी त्यांपैकी पाच जणांना फ्रेंच दात्यांची मज्जा दिली. एक दगावला. उरलेले चौघे वाचले, पण परकी मज्जा त्यांच्यात कायमची रुजली नाही. अखेर त्यांची स्वतःचीच मज्जा पुन्हा कामाला लागली.

🧵 खरी कलाटणी १९७० ची. परकी मज्जा नाकारली जाऊ नये म्हणून माते यांनी अप्लास्टिक ॲनिमियाच्या रुग्णांना आधी लसिकापेशींविरुद्धचे द्रव्य दिले. प्राण्याला मानवी लसिकापेशी टोचायच्या आणि त्याच्या रक्तात उपजणारी प्रतिपिंडे वापरायची, अशी ती कृती. मज्जा रोपली गेली, पण टिकली नाही. रोपण फसले, तरीही काही रुग्णांचे रक्त सुधारू लागले. हे नवे रक्त दात्याचे नव्हते, त्यांचे स्वतःचे होते!

म्हणजे मज्जेतील मूलपेशी पुरत्या नष्ट झालेल्या नव्हत्या. रुग्णाच्याच लसिकापेशींनी त्यांना दडपून ठेवले होते, आणि रोपणाची पूर्वतयारी म्हणून दिलेले औषधच उपचार ठरले होते. १९७७ मध्ये बाझेलच्या ब्रुनो श्पेक आणि सहकाऱ्यांनी हे द्रव्य मज्जेसह आणि मज्जेविनाही देऊन पाहिले. मज्जा न देताही रुग्ण सुधारले.

🧵 एक पुरावा तर याहून बोलका. एकरूप जुळ्या भावंडाची मज्जा परकी नसतेच, ती नाकारली जाण्याचे कारण उरत नाही. तरीही ती नुसतीच दिली, तर अनेक रुग्णांत रुजत नाही. आधी प्रतिकारपेशी दडपल्या, तर रुजते. जमीन नापीक नव्हती, पीक खाणारे शेतातच दडलेले होते.

🧵 आज तीव्र आजाराच्या तरुण रुग्णाला जुळणारे भावंड असेल, तर प्रथम रोपणच केले जाते. नसेल, तर बहुधा घोड्यापासून मिळवलेले तेच लसिकापेशीविरोधी द्रव्य आणि जोडीला सायक्लोस्पोरिन. त्यालाही आजार दाद देत नसेल, तर नात्याबाहेरचा जुळणारा दाता शोधून पुन्हा रोपणाकडे वळावे लागते. मात्र तेव्हा मूलपेशी देण्याआधी रुग्णाची जुनी प्रतिकारयंत्रणा औषधांनी मोडून काढली जाते.